आजींची कात्री, माझी शिवण

सोमवार, ४ मार्च

लेकीने निवृत्तीची भेट म्हणून ही डायरी पाठवली. सोबत चिठ्ठी, ‘आई, रोज थोडं लिहीत जा. नाहीतर तुझं सगळं बोलणं बाबांच्या वाट्याला येईल.’ इतक्या लांब राहूनसुद्धा पोरगी बापाचीच बाजू घेते. विमा कचेरीत मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांची टिपणं लिहिली, आता स्वतःची लिहायला हरकत नाही.

पण माझ्यात लिहिण्यासारखं आहे काय? लिहिण्यासारखं जे आहे ते आमच्या घराखालच्या शिवणाच्या दुकानात बसतं. तिथे दोन म्हाताऱ्या आहेत. कापड कापतात त्या माझ्या सासूबाई, शिवतात त्या त्यांच्या मैत्रीण. लेक बोलायला लागली तेव्हा तिने एकीला आजी ठरवलं, दुसरीला मशीनआजी. तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना तशीच हाक मारते, मीसुद्धा.

सकाळी आजींनी फर्मान काढलं, "वर बसून घासलेलीच भांडी पुन्हा घासशील. त्यापेक्षा खाली ये. काजं-बटणं कर, इस्त्री कर." गेले. आतल्या जिन्याने दुकानात उतरलं की आधी नव्या कापडाचा वास येतो, मग गरम इस्त्रीचा. खिडकीशी कापायचं लांबलचक टेबल आणि त्याला चिकटून मशीन. शटर उघडण्याआधी आजी टेबलावर हात ठेवून डोळे मिटतात आणि देवाशी बोलतात. पुटपुटत नाहीत, शेजारणीशी बोलावं तसं खणखणीत. "देवा, आज लाइट घालवू नकोस. हिच्या गुडघ्याला आराम पडू दे. पोरांना सांभाळ. आणि गिऱ्हाईक पाठवशील ते जरा दमाचं पाठव, कालची बाई फार डोकं खाऊन गेली."

मशीनआजी तोवर मशीनला तेल घालत असतात. "झालं का तुझं गाऱ्हाणं?" त्या विचारतात, आणि शटर वर जातं.

आजींनी एका झग्याचं कापड कापलं. खडूची एकच रेघ, तिच्यावरून कात्री. मी आपली कचेरीतल्या सवयीने विचारलं, "शिवायची रेघ कुठे आहे?"

"ती कशाला?" आजी म्हणाल्या.

"मग किती आत शिवायचं ते यांना कळतं कसं?"

मशीनआजींनी मशीन थांबवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, तिने किती सोडलंय ते मला ठाऊक, मी किती घेणार ते तिला ठाऊक. मध्ये आणखी रेघ कशाला लागते?"

मी गुपचूप बटणं लावायला बसले.

गुरुवार, ७ मार्च

दुपारच्या जेवणानंतर दुकान थोडा वेळ बंद असतं. दोघी समोरासमोर बसतात, एकमेकींच्या स्टुलावर पाय टाकतात आणि खिडकीतून रस्ता बघतात. मला इतकी वर्षं वाटायचं की विश्रांती घेतात. कसली विश्रांती! जाणाऱ्या-येणाऱ्यांची परीक्षा चालू असते.

"तो बघ, तपकिरी कोटवाला. खांदे दुसऱ्याचे आहेत."

"भावाचा कोट असेल."

"भावाचा नाही, सासऱ्याचा. बघ किती जपून चालतोय."

मग दोघी हसतात. आजी हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला एका बाईच्या परकराची शिलाई ओळखायला सांगितली. मी म्हटलं, "निळा आहे." त्यावर जे हसणं झालं, ते बाहेरच्या निळ्या परकरवालीला ऐकू गेलं.

एवढ्यातेवढ्यात इतका आनंद सापडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. खडूला धार आली की आजी खूश. चहाला नेमका रंग चढला की खूश. इस्त्रीखालून बाही सपाट निघाली की तिच्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वा, काय देखणी!" मी एवढ्या वर्षांत एकाही फायलीला देखणी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का, असं आज पहिल्यांदा वाटलं.

मंगळवार, १२ मार्च

मोठी ऑर्डर आली. पलीकडच्या प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या, सगळ्या नर्सना नवे कोट हवेत. त्यांच्या अंगावर याच दोघींनी शिवलेला जुना कोट होता. धुऊन धुऊन पार विरलाय, पण एक शिवण कुठे उसवलेली नाही. अंगाला बेताने बसणारा, बरेच तुकडे जोडून केलेला. "अगदी असेच हवेत," त्या म्हणाल्या. "माझं मापसुद्धा तेच आहे हं, काही वाढलेलं नाही." नमुना म्हणून तो कोट त्या ठेवून गेल्या. उसवला तरी चालेल म्हणाल्या.

"पोरं जन्माला येतात तिथे ढगळ कपडा नको," मशीनआजी म्हणाल्या. "बाह्या मध्ये येतात. वेळेत देऊ."

"दिला शब्द," आजी म्हणाल्या.

सिस्टर गेल्यावर मशीनआजींनी आनंदाच्या भरात बिस्किटांचा पुडा उघडला, तो कापडाच्या मोठ्या कात्रीने. आजींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कात्रीला कागद लावलेला त्यांना खपत नाही, धार जाते. बराच वेळ दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. माझ्यामार्फत निरोप चालू. मग मशीनआजींनी एक बिस्किट मोडून अर्धं टेबलाच्या कडेवर ठेवलं. आजींनी ते न बघता उचललं आणि खाल्लं. भांडण संपलं.

माझं आणि नवऱ्याचं भांडण मिटायला याच्या कितीतरी पट बिस्किटं लागतात.

रविवार, १७ मार्च

मशीनआजी गेल्या.

काल दुपारी दुकानातून घरी गेल्या. जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या शेजारणीचा फोन आला. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. जे काही होतं ते आमचं दुकान आणि आम्ही.

आजी त्यांच्या खोलीत गेल्या, पलंगाशी उभ्या राहिल्या. मशीनआजींच्या कॉलरचं एक टोक आत मुडपलं होतं, ते त्यांनी बाहेर काढून सरळ केलं. वरचं बटण लावलं. "झोपली तरी गबाळीच," म्हणाल्या. मी हुंदके देत होते, नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला शाळेचा गणवेश याच बाईने शिवून दिलेला. आजींच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. सगळं त्यांनीच पार पाडलं, कुणाला पाणी हवं, कुणाला बसायला हवं, सगळं.

येणारे-जाणारे म्हणत होते, काय धीराची बाई आहे. मीही तेच म्हणते. माझी कुणी अशी मैत्रीण असती आणि गेली असती, तर मी कोसळले असते.

मंगळवार, १९ मार्च

आजींनी आज दुकान उघडलं. मी म्हटलं, आठवडाभर राहू द्या. त्या म्हणाल्या, "आणि घरात बसून काय करू, भिंतीची मापं घेऊ?"

टेबलावर हात ठेवला, डोळे मिटले. "देवा, लाइट घालवू नकोस." एवढंच. डोळे उघडले.

"आज एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सध्या मी त्याच्याशी कामापुरतं बोलते."

"रुसलात?"

"रुसायला तो काय नवरा आहे?" त्या शटरच्या कुलपाशी खटपट करत म्हणाल्या. "मी रोज हिच्या गुडघ्याला आराम मागत होते. त्याने अख्ख्या बाईलाच दिला. मग मी बोलू काय? पण बोलणं अगदी बंद करायचं नसतं. एकदा बंद केलं की मग घर मोडतं. कामापुरतं तरी ठेवावं."

मला देवाधर्माचं फारसं काही नाही. पण ज्याच्यावर इतका राग आहे त्याच्याशी रोज सकाळी उभं राहून बोलायचं, याला छाती लागते.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आई, ती कोटांची ऑर्डर परत करू. सिस्टर समजून घेतील."

"शब्द दोघींनी दिला होता," आजी म्हणाल्या. "त्यातली एक आहे अजून." मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, तुला मशीन येतं."

येतं म्हणजे, शाळेत शिकले होते आणि पडदे शिवले आहेत. पण आजींनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

शुक्रवार, २२ मार्च

त्यांच्या खुर्चीवर बसायला लागले. उशी बसून बसून एका बाजूला दबली आहे, मी सारखी डावीकडे कलते. ती बदलायचं नाव काढलं तर आजी म्हणाल्या, "राहू दे, तिला तशीच लागते." दोरा पांढरा घेतला तर म्हणाल्या, "तो नको, तिला जरा पिवळसर आवडतो." मी पिवळसर दोरा ओवला.

काम मात्र जमतंय. आजी कापतात आणि तुकडे माझ्याकडे सरकवतात, मी काठापासून अर्ध्या बोटावर सरळ एकेरी शिवण मारते आणि कडेला इंटरलॉक. शाळेत शिकवलं तसं. आजी कधीमधी येऊन बघतात. "सरळ आहे," म्हणतात. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे माझ्या लेखी बक्षीस समारंभ.

दुपारी जेवणानंतर मी समोरच्या स्टुलावर बसले. पाय त्यांच्या स्टुलावर टाकायचं धाडस झालं नाही. रस्त्यावरून एक जाड गृहस्थ गेले. मी म्हटलं, "यांची बाही लांब आहे." आजींनी बराच वेळ बघितलं. "बरोबर," म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. पाच-सहा माणसं गेल्यावर उठून कापायला लागल्या.

गुरुवार, २८ मार्च

आजचा दिवस वैऱ्यावरही येऊ नये.

पहिले कोट तयार झाले म्हणून मोठ्या सिस्टर दोन नर्सना घेऊन आल्या. आतल्या खोलीत कोट घालून बाहेर आल्या तर काय, खांदे दंडावर उतरलेले, कंबर कुठल्या कुठे. धाकटी नर्स मिस्कील आहे, दोन्ही हातांनी पुढचा भाग ओढून म्हणाली, "आजी, यात मी आणि बाळंतीण दोघी मावू." मोठ्या सिस्टरांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मग फार गोड आवाजात म्हणाल्या, "होतं असं. तुमच्यावर काय प्रसंग आलाय ते आम्हाला माहीत आहे." तो गोड आवाज मला सहन होईना.

"माझ्याकडून झालं," मी म्हटलं. "शिवण्यात काहीतरी चुकलं असेल."

आजींनी कोट उलटा करून माझी शिवण बघितली. "तुझी शिवण सरळ आहे," म्हणाल्या. मग भिंतीवर खडूने लिहिलेली मापं वाचली. टेप काढला, नर्सच्या पाठीला लावला, पुन्हा भिंत वाचली. आणि माझ्याकडे वळून, जत्रेत हरवलेल्या मुलासारखा चेहरा करून विचारलं, "माझं माप चुकलं का गं?"

जन्मात ज्या बाईने मला एक गोष्ट विचारली नाही, फक्त सांगितली, तिने असं विचारावं?

शनिवार, ३० मार्च

आजी झोपल्या असताना मी खाली जाऊन न शिवलेले तुकडे मोजले. भिंतीवरची मापं बरोबर आहेत. शिवणीसाठी माया, म्हणजे कडेला जादा कापड, सोडली असं धरलं तरी प्रत्येक तुकडा मोठा निघतो. एखादा नाही, प्रत्येक. आणि एका कोटात इतके तुकडे, म्हणजे सगळं मिळून केवढं वाढतं!

नवऱ्याला सांगितलं. सांगायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो फोन घेऊन बसला, कुठले डॉक्टर चांगले ते बघायला.

मंगळवार, २ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आजींनी तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली. वर डॉक्टरांना सांगितलं, "तुमच्या डाव्या बाहीची शिवण काखेत उसवलीय. पाठवून द्या, पैसे नकोत." डॉक्टर हात वर करून बघायला लागले, तर खरंच उसवलेली.

"यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले.

एरवी ही आनंदाची बातमी. घरी येताना नवरा नुसता समोरच्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मला कळत होतं तो काय विचार करतोय, कारण मीही तोच करत होते. डोळ्यांचा दोष नाही, तर मग दुसरं काय?

बुधवार, ३ एप्रिल

नवऱ्याने निर्णय सांगितला. रागाने नाही. त्याला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आई, ही ऑर्डर कशीबशी पुरी करू. मग दुकान बंद. कात्री कपाटात. आज माप चुकलं, उद्या बोट कापलं जाईल. मला भीती वाटते."

आजी शांतपणे जेवत होत्या. "ऑर्डर निम्मी कापायची आहे अजून," म्हणाल्या.

"तेवढी काप."

"आणि तीही चुकली तर?"

आजींनी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेल्या. पाठ ताठ होती.

खरं लिहायचं तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. ती कललेली खुर्ची नको, मोठ्या सिस्टरांचा गोड आवाज नको. मग आजींशिवाय सकाळी शटर उघडत नाही असं चित्र डोळ्यांपुढे आलं. त्या वर, सोफ्यावर बसलेल्या, हात मांडीवर. ते चित्र मला बघवेना. ह्या बाईचं देवाशी भांडणसुद्धा कापायच्या टेबलावर होतं. ते टेबल काढून घेतलं तर ती बोलेल कुठे?

आज सकाळी त्या कामापुरतंही बोलल्या नाहीत. नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

रविवार, ७ एप्रिल

सुट्टीचा दिवस. मोठे झालेले कोट आत घ्यायचे तर मूळ कोट कसा बसवलाय ते बघावं म्हणून नमुन्याचा जुना कोट वर आणला आणि उसवायला घेतला. नाकी नऊ आले. शिवण सुटेच ना. शेवटी भिंग घेऊन बसले, तेव्हा कळलं. मशीनआजी साधी शिवण मारतच नव्हत्या. एक कड दुसऱ्या कडेत दुमडायची, आणि वरून दोन टिपा. आत कापडाचं एकही टोक उघडं नाही. म्हणूनच इतकी वर्षं धुऊनही दोरा निघाला नव्हता. आणि अशा शिवणीत कापड किती जातं! मी घेते त्याच्या दुप्पट.

मग माझ्या डोक्यात एक आलं. खाली जाऊन मोठ्या सिस्टरांच्या नव्या कोटाचा पाठीचा तुकडा आणला, आजींनी परवा कापलेला, अजून न शिवलेला. उसवलेल्या जुन्या तुकड्यावर पसरला.

तंतोतंत. इकडे दोराभर जास्त नाही, तिकडे दोराभर कमी नाही. इतक्या वर्षांनी, त्याच बाईच्या त्याच मापाला, आजींच्या कात्रीने तोच तुकडा काढला होता.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. मग धावत नवऱ्याकडे गेले, दोन्ही तुकडे त्याच्या वर्तमानपत्रावर पसरले. "बघा! आजींचा हात चुकलेला नाही. एक सूतभर चुकलेला नाही. त्या मशीनआजींच्या शिवणीसाठी कापतायत. मी मध्ये आले, माझी शिवण बारीक. म्हणून कोट ढगळ."

मला वाटलं तो खूश होईल. त्याने जुना तुकडा उचलून उजेडात धरला. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "आईला वाटतं की ती अजून मशीनवर बसलीय? अगं, हे तर जास्तच वाईट झालं."

मी तुकड्यांची घडी घालायला लागले.

"सांग तिला," तो म्हणाला. "सांगितल्यावर तिने वेगळं कापलं, तर मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. पण त्या वयात हात बदलत नाही. तूच बघशील."

त्याला वाटतं मला एवढंही कळत नाही. मी दुसरी वाट शोधून ठेवली आहे. दुपारभर बसून ती दुहेरी शिवण जमवली. तीनदा फसली, चौथ्यांदा बरी आली. आजींना काही बदलायला लागणारच नाही. त्यांनी कापत राहावं, मी मशीनआजींसारखी शिवेन. आहे काय त्यात?

सोमवार, ८ एप्रिल

शटर उघडल्यावर मी दोन्ही तुकडे टेबलावर एकावर एक ठेवले. नवरा कामावर निघाला होता, पण जिन्यातच थांबला.

"आजी, हे बघा."

आजींनी आधी नवा तुकडा उचलला, मग जुना. जुन्याच्या कडेला अर्धी शिवण मी न उसवता ठेवली होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"ही तिची शिवण," म्हणाल्या.

"हो. तुमचं माप चुकलेलं नाही. तुम्ही त्यांच्यासाठी कापत होतात."

आजी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. तुकडा हातातच होता. "मला माहीत होतं गं ती गेली," त्या म्हणाल्या. "मीच तर तिचं बटण लावलं. पण हाताला कुणी सांगितलंच नाही."

आणि रडल्या. अशा रडल्या की मी तशा त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शटर उघडं होतं, समोरून माणसं जात होती, त्यांनी पर्वा केली नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढी ताठ पाठ हाताखाली किती लहान लागते, ते आज कळलं.

जरा शांत झाल्यावर मी माझी वाट सांगितली. "तुम्ही काही बदलू नका. मी ती शिवण शिकलेय. हे बघा. तुम्ही कापता तसंच कापा, मी त्यांच्यासारखं शिवते. कोट बसतील, दुकान राहील, आणि कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही." शेवटचं वाक्य मी जिन्याकडे बघून म्हटलं.

आजींनी माझी दुहेरी शिवण ताणून बघितली, उलटून बघितली. "बरी आहे," म्हणाल्या. "तिला आवडली असती." आणि बाजूला ठेवली. "पण नको."

"का नको? मला जमतंय."

"जमेल. पण तू तिच्यासारखी शिवलीस, की मी रोज तिच्यासाठीच कापत बसणार. मग ती जायची कधी? आणि तू काय आयुष्यभर दुसरीची शिवण मारणार?"

"मला चालेल."

"मला नाही चालणार." त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं. "तिचे कोट तिच्यापाशी राहू देत. चल, बस मशीनवर. तुझी शिवण मार एक."

मी चिंधीवर माझी साधी एकेरी शिवण मारली. टीप थोडी वाकडी गेली. आजींनी ती चिंधी घेतली, टेप लावला. "कंजूस आहे," म्हणाल्या, "पण कापड वाचेल."

मग धाकट्या नर्सच्या कोटाचं कापड टेबलावर अंथरलं. खडू घेतला आणि रेघ मारली. जुन्याच जागी. मी मशीनवरून बघत होते. जिन्यात नवरा रेलिंगला धरून उभा होता. आजींचा हात त्या रेघेवर थांबला. खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. मला वाटलं आता नाही व्हायचं, आणि माझ्या मनात आलं की उठावं आणि म्हणावं, राहू द्या आजी, राहू द्या, मी त्यांच्यासारखंच शिवते.

त्यांनी तळहाताने ती रेघ पुसली. नीट, पूर्ण, कापडावर एक पांढरा ठिपका राहू न देता. मग अर्धं बोट आत नवी रेघ ओढली, आणि कात्री चालवली.

"आई," नवरा जिन्यातून म्हणाला. "संध्याकाळी कात्री दे, धार लावून आणतो."

"आज नाही," आजी वर न बघता म्हणाल्या. "आज काम आहे. तू निघ, उशीर होतोय."

तो गेला. आजींनी कापलेला तुकडा उचलला, दोन्ही हातांनी झटकला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"घे," म्हणाल्या. "हे तुझ्यासाठी कापलंय."